कॅनडातील विद्यापीठे आणि ‘वंशांकित’ प्राध्यापक : एका तक्रारीने बदललेली नियमावली

कॅनडातील आठ प्राध्यापिकांनी २००३ मध्ये त्या देशाच्या मानवी हक्क आयोगाकडे एक तक्रार दाखल केली. संघीय सरकारच्या पैशातून विद्यापीठांना दिली जाणारी संशोधन अध्यासने ठराविक वर्गातील व्यक्तींच्याच हाती जात आहेत आणि हा योगायोग नसून नियमांतील उणिवेचा परिणाम आहे, असे या तक्रारीचे म्हणणे होते. तक्रारदारांमध्ये मॅकगिल विद्यापीठातील भारतीय वंशाच्या प्राध्यापिका श्री मुळे होत्या, तसेच क्वीन्स विद्यापीठातील भूगोलाच्या प्राध्यापिका ऑड्री कोबायाशी याही होत्या. मुळे हे आडनाव मराठी वाचकांच्या ओळखीचे आहे. श्री हे मात्र येथे त्यांचे नाव आहे, आदरार्थी उपपद नव्हे.

या तक्रारीवरील तडजोड २००६ मध्ये झाली, तिला पुरवणी २०१९ मध्ये जोडण्यात आली आणि तिच्या पूर्ततेसाठी डिसेंबर २०२९ ही मुदत ठरविण्यात आली. उच्च शिक्षणातील गौरेतर प्राध्यापक आणि कर्मचारी यांना आधार कसा द्यावा, या विषयावर कॅनडात विपुल लेखन झाले आहे, समित्याही अनेक नेमल्या गेल्या. परंतु प्रत्यक्ष नियुक्त्यांमध्ये फरक पडला तो प्रामुख्याने या एका प्रकरणामुळे. म्हणून त्याची पार्श्वभूमी समजून घेणे उपयुक्त ठरेल.

शब्दाचा प्रश्न

कॅनडाच्या रोजगार समता कायद्यात ‘दृश्य अल्पसंख्याक’ अशी संज्ञा आहे. मूलनिवासींव्यतिरिक्त ज्या व्यक्ती वंशाने कॉकेशियन नाहीत अथवा वर्णाने गोऱ्या नाहीत, त्या सर्वांचा समावेश या संज्ञेत होतो. भारतीय, चिनी, आफ्रिकी, अरब, फिलिपिनो असे परस्परांशी फारसे साम्य नसलेले समाज त्यामुळे एकाच रकान्यात येतात. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २००७ मध्ये या शब्दप्रयोगावर आक्षेप घेतला होता. ‘दृश्य’ म्हणजे कोणाला दिसणारे, हा प्रश्न त्यामागे होता. गोरा वर्ण हे प्रमाण मानले, तरच इतरांचा वर्ण डोळ्यांत भरतो.

अभ्यासकांमध्ये त्यानंतर ‘रेशियलाइज्ड’ हा शब्द रूढ झाला. वंश ही माणसात उपजत असलेली वस्तू नसून समाजाने त्याच्यावर उमटविलेला शिक्का आहे, असा त्याचा भावार्थ आहे. मराठीत यासाठी सर्वमान्य प्रतिशब्द नाही; या लेखात ‘वंशांकित’ हा शब्द योजला आहे. कॅनडाच्या २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत या वर्गाचे प्रमाण २६.५ टक्के होते आणि त्यात दक्षिण आशियाई समाज सर्वांत मोठा, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ७.१ टक्के होता. मूलनिवासी समाज मात्र या वर्गात मोडत नाहीत. या भूमीचे आद्य रहिवासी म्हणून त्यांचे हक्क स्वतंत्र मानले जातात, त्यामुळे आकडेवारीतही त्यांची नोंद वेगळी होते.

जुनी दारे

कॅनडा हा सर्वांना सामावून घेणारा देश, अशी त्याची ख्याती आहे. विद्यापीठांचा इतिहास मात्र तितका सरळ नाही. क्वीन्स विद्यापीठाच्या अधिसभेने १९१८ मध्ये ठराव करून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वैद्यकीय शिक्षणाचा प्रवेश बंद केला. १९६५ पर्यंत या ठरावाची अंमलबजावणी होत होती. त्यापुढे ती थांबली तरी ठराव दप्तरी तसाच राहिला. एका संशोधक विद्यार्थ्याच्या अभ्यासामुळे ही बाब पुढे आल्यावर २०१८ मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, तो विधिपूर्वक रद्द करण्यात आला आणि २०१९ मध्ये विद्यापीठाने जाहीर क्षमायाचना केली.

देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याहून वेगळा प्रकार घडला. जपानी वंशाच्या नागरिकांना १९४२ मध्ये सक्तीने किनारपट्टीपासून दूर हलविण्यात आले. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या ७६ विद्यार्थ्यांचे शिक्षण त्यामुळे खंडित झाले. विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या त्या २०१२ मध्ये. तोवर त्यांतील बरेच जण हयात नव्हते. जपानी वंशाच्या कॅनेडियनांना सरकारने भरपाई आणि माफी दिली ती १९८८ मध्ये. त्यासाठी चाललेल्या चळवळीत, पुढे २००३ च्या तक्रारीवर सही करणाऱ्या ऑड्री कोबायाशी सक्रिय होत्या.

अ‍ॅबेला आयोग आणि कायद्याची मर्यादा

नोकरीतील समतेचा विचार कॅनडात सरकारी पातळीवर सुरू झाला तो न्यायाधीश रोझाली अ‍ॅबेला यांच्या एकसदस्य आयोगापासून. अ‍ॅबेला यांचा जन्म १९४६ मध्ये जर्मनीतील निर्वासितांच्या छावणीत झाला. त्यांचे आईवडील नाझी छळातून बचावलेले पोलिश ज्यू होते. वडिलांनी पोलंडमध्ये कायद्याचे शिक्षण घेतलेले होते, परंतु १९५० मध्ये कॅनडात आल्यावर नागरिकत्व नसल्यामुळे त्यांना वकिली करता आली नाही आणि विमा प्रतिनिधी म्हणून काम करावे लागले. अंगी पात्रता असूनही दार बंद असणे म्हणजे काय, हे कन्येने घरातच पाहिले होते. पुढे २००४ मध्ये त्या कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात नियुक्त झाल्या. त्या न्यायालयातील त्या पहिल्या ज्यू महिला न्यायाधीश होत.

त्यांच्या आयोगाने १९८४ च्या अहवालात स्त्रिया, मूलनिवासी, अपंग व्यक्ती आणि दृश्य अल्पसंख्याक असे चार वर्ग निश्चित केले आणि ‘रोजगार समता’ ही संज्ञा रूढ केली. अमेरिकेतील धोरणाच्या नावाभोवती तोवर बरेच वादंग माजले होते, म्हणून मुद्दाम निराळा शब्द योजण्यात आला. कोणी जाणूनबुजून पक्षपात केला हे सिद्ध करण्याची गरज नाही. नेहमीची पद्धत वरकरणी तटस्थ असूनही तिचा परिणाम एखाद्या वर्गाला वगळण्यात होत असेल, तर ती पद्धत बदलली पाहिजे, हा या अहवालाचा गाभा होता. त्यानुसार १९८६ मध्ये रोजगार समता कायदा संमत झाला.

हा कायदा संघीय अखत्यारीतील मोठ्या उद्योगांना, म्हणजे बँका, विमान कंपन्या, दूरसंचार, प्रसारण आदींना लागू आहे. शिक्षण हा विषय प्रांतांकडे असल्याने विद्यापीठे थेट त्याच्या कक्षेत येत नाहीत. संघीय सरकारकडून कंत्राटे घेणाऱ्या संस्थांसाठी एक स्वतंत्र योजना होती, तिच्याद्वारे बरीच विद्यापीठे बांधली गेली; परंतु २०१३ मध्ये या योजनेची किमान रक्कम दोन लाख डॉलरवरून दहा लाख डॉलर करण्यात आल्याने ती पकडही सैल झाली. सर्वाधिक लोकसंख्येच्या ओंटारिओ प्रांताने १९९३ मध्ये स्वतःचा रोजगार समता कायदा केला होता. सत्तांतर होताच १९९५ मध्ये तो रद्द झाला. अशा स्थितीत विद्यापीठांपाशी उरली ती घोषणापत्रे, आणि त्यांची कधीच टंचाई नव्हती.

अध्यासनांचा पैसा

संघीय सरकारने २००० मध्ये ‘कॅनडा रिसर्च चेअर्स’ हा कार्यक्रम सुरू केला. देशभरात दोन हजार अध्यासने निर्माण करण्याचे उद्दिष्ट होते. प्रस्थापित संशोधकांसाठीच्या पहिल्या श्रेणीत सात वर्षे दरसाल दोन लाख डॉलर आणि उदयोन्मुख संशोधकांसाठीच्या दुसऱ्या श्रेणीत पाच वर्षे दरसाल एक लाख डॉलर, असे मूळ स्वरूप होते. अध्यासन मिळाले की अध्यापनाचा भार हलका होतो, संशोधक विद्यार्थी येतात, प्रयोगशाळेस निधी मिळतो आणि पुढील अनुदानांची वाट मोकळी होते. प्राध्यापकाच्या आयुष्यात अशी संधी क्वचितच येते.

अध्यासनासाठी नाव सुचविण्याचा अधिकार विद्यापीठाचा होता. अनेक ठिकाणी जाहिरात न देता, विभागप्रमुख आणि अधिष्ठाता यांच्या विचारविनिमयातून नावे पुढे जात. पहिल्या काही वर्षांत पाचातले एक अध्यासनही स्त्रियांच्या वाट्याला आले नव्हते. वंशांकित, मूलनिवासी आणि अपंग संशोधकांना किती मिळाली, हे तर सांगताच येत नव्हते, कारण तशी नोंदच ठेवली जात नव्हती. आठ प्राध्यापिकांची तक्रार उद्योग खात्याविरुद्ध होती आणि ती केवळ स्त्रियांपुरती नव्हती. चारही वर्गांचा प्रश्न तिने एकत्र मांडला होता. तक्रारदारांतील बहुतेक जणी सेवेत ज्येष्ठ होत्या. स्वतःसाठी अध्यासन मागण्याचा हा खटाटोप नव्हता.

आयोगाच्या मध्यस्थीने २००६ मध्ये तडजोड झाली. विद्यापीठांनी प्रत्येक वर्गासाठी लक्ष्य ठरवावे आणि प्रगतीची माहिती द्यावी, असे ठरले. पुढील दहा वर्षांचा अनुभव निराशाजनक होता. लक्ष्ये ठरली, पण ती गाठली नाहीत तर काय, याचे उत्तर नियमात नव्हते. शिवाय लक्ष्यांचा आधारच सदोष होता. विद्यापीठीय क्षेत्रात त्या वर्गाचे आधीच किती लोक उपलब्ध आहेत, यावर ती बेतलेली होती. दृश्य अल्पसंख्याकांसाठी हे लक्ष्य १५ टक्के होते. ज्यांना पूर्वी दाराबाहेर ठेवले त्यांची संख्या आत कमी दिसणारच. त्याच कमी संख्येला माप मानले, तर कालचा अन्याय आजचे प्रमाण ठरतो.

तक्रारदारांनी पाठपुरावा सोडला नाही. विज्ञानमंत्री कर्स्टी डंकन यांनी निधी रोखण्याचा इशारा दिला आणि मे २०१७ मध्ये कार्यक्रमाने कृती आराखडा जाहीर केला. पाच किंवा त्याहून अधिक अध्यासने असलेल्या प्रत्येक संस्थेने समतेची योजना लेखी सादर करून ती आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावी, अध्यासनाची जाहिरात द्यावी, निवडीची पद्धत उघड करावी, असे बंधन आले. तक्रारदारांपैकी न्यू ब्रन्सविक विद्यापीठाच्या वेंडी रॉबिन्स यांचे २०१७ मध्येच निधन झाले. त्यापुढील टप्पा पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही.

हा पुढील टप्पा २०१९ च्या पुरवणी कराराचा होता. लक्ष्यांचा आधार बदलून तो देशाच्या लोकसंख्येशी जोडण्यात आला. डिसेंबर २०२९ पर्यंत अध्यासनांवर स्त्रियांचे प्रमाण ५०.९ टक्के, दृश्य अल्पसंख्याकांचे २२ टक्के, अपंग व्यक्तींचे ७.५ टक्के आणि मूलनिवासींचे ४.९ टक्के असावे, असे निश्चित झाले. याहून महत्त्वाचे म्हणजे न पाळल्यास काय, याचेही उत्तर मिळाले. ठरलेल्या टप्प्यावर लक्ष्य चुकविणाऱ्या विद्यापीठाला त्यानंतर केवळ या चार वर्गांतील उमेदवारांचीच नावे पाठविता येतात. संस्थेची प्रतिष्ठा आणि कोट्यवधी डॉलर पणाला लागल्यावर ‘योग्य उमेदवार मिळत नाहीत’ ही सबब फारशी ऐकू येईनाशी झाली. कार्यक्रमाच्या आकडेवारीनुसार दृश्य अल्पसंख्याकांचे २२ टक्क्यांचे लक्ष्य मुदतीच्या बरेच आधी ओलांडले गेले.

भारतीय आरक्षणाहून निराळी रचना

भारतातील वाचकांना ही पद्धत आरक्षणासारखी वाटणे स्वाभाविक आहे. घटनात्मक आधारात साम्यही आहे. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १६ मधील चौथ्या खंडाप्रमाणेच कॅनडाच्या १९८२ च्या हक्क सनदेतील कलम १५ चा दुसरा भाग वंचित गटांच्या उन्नतीसाठी विशेष उपायांना संमती देतो. रचना मात्र वेगळी आहे. कॅनडात राखीव पदे नाहीत, बिंदुनामावली नाही आणि अनुशेषही पुढे ओढला जात नाही. लक्ष्य संपूर्ण संस्थेसाठी असते. हे एकक कोणते, हा मुद्दा किती कळीचा असतो, हे भारतात अलीकडेच दिसून आले. विद्यापीठ हे एकक न मानता विभाग हे एकक मानावे, या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निर्णयानंतर राखीव जागा आक्रसू लागल्या आणि संसदेला २०१९ मध्ये केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील शिक्षक संवर्गाबाबत कायदा करून विद्यापीठ हेच एकक पुन्हा प्रस्थापित करावे लागले.

दुसरा भेद ओळखीच्या पुराव्याचा. कॅनडात जात प्रमाणपत्रासारखा दस्तऐवज नाही. उमेदवार ऐच्छिक अर्जात स्वतःच आपला वर्ग नोंदवितो. या विश्वासावर आधारलेल्या पद्धतीला २०२१ नंतर मोठा धक्का बसला. मूलनिवासी म्हणून मान्यता पावलेल्या काही नामवंत प्राध्यापकांच्या वंशावळीबाबत माध्यमांतून गंभीर प्रश्न उपस्थित झाले आणि सस्कॅचवान विद्यापीठासह काही संस्थांनी मूलनिवासी असल्याच्या दाव्याची पडताळणी करणारे धोरण स्वीकारले. महाराष्ट्रातील जात पडताळणी समित्यांचा अनुभव असलेल्यांना या प्रश्नाची गुंतागुंत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

बेरजेत लपलेले

प्राध्यापकांच्या राष्ट्रीय महासंघाने २०१८ मध्ये जनगणनेच्या आधारे एक अहवाल प्रसिद्ध केला. विद्यापीठीय शिक्षकांत वंशांकितांचे प्रमाण सुमारे २१ टक्के, म्हणजे देशाच्या श्रमशक्तीतील त्यांच्या प्रमाणाच्या जवळपास असल्याचे त्यात दिसले. येथवर वाचून थांबणाऱ्यास प्रश्न सुटला असे वाटेल. परंतु त्याच अहवालात कृष्णवर्णीय शिक्षक सुमारे २ टक्के आणि मूलनिवासी शिक्षक सुमारे १.४ टक्केच होते. अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्रातील आशियाई प्राध्यापकांची संख्या एकूण बेरीज वर उचलते, आणि तिच्या आड इतरांची अनुपस्थिती झाकली जाते. वेतनातील तफावतही अहवालाने दाखविली. सर्वांत मागे वंशांकित स्त्रिया होत्या.

फ्रान्सिस हेन्री, एनाक्षी दुआ, कार्ल जेम्स, ऑड्री कोबायाशी, पीटर ली, हॉवर्ड रामोस आणि मलिंडा स्मिथ या सात अभ्यासकांचा ‘द इक्विटी मिथ’ हा ग्रंथ २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक वर्षांच्या पाहणीवर आधारलेल्या या ग्रंथाने विद्यापीठांच्या समताविषयक दाव्यांची आणि प्रत्यक्षाची सांगड तपासली. धोरणे, कार्यालये, समित्या आणि वार्षिक अहवाल यांची संख्या वाढत असताना वंशांकित आणि मूलनिवासी प्राध्यापकांच्या दैनंदिन अनुभवात तुलनेने थोडाच फरक पडला, असे त्याचे सार आहे. शीर्षकातील ‘मिथक’ हा शब्द त्यासाठीच आहे.

कृष्णवर्णीयांचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडण्याचा प्रयत्न २०२० नंतर झाला. टोरंटो विद्यापीठाच्या स्कार्बरो परिसरात त्या वर्षी राष्ट्रीय संवाद भरला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘स्कार्बरो सनद’ जाहीर होऊन चाळीसहून अधिक विद्यापीठे व महाविद्यालयांनी तिच्यावर सह्या केल्या. सनदेच्या मसुदा समितीचे नेतृत्व मॅकगिलच्या विधी प्राध्यापिका एडेल ब्लॅकेट यांनी केले. रोजगार समता कायद्याचा आढावा घेणाऱ्या सरकारी कृती दलाच्या अध्यक्षाही त्याच होत्या. दलाच्या २०२३ च्या अहवालात कृष्णवर्णीयांचा वेगळा वर्ग करावा आणि ‘दृश्य अल्पसंख्याक’ हा शब्दप्रयोग काढून टाकावा, अशा शिफारशी आहेत. दोन्ही शिफारशींना सरकारने त्या वेळी अनुकूलता दर्शविली होती.

नियुक्तीनंतर

नियुक्ती हा अर्धाच भाग. रुजू झाल्यावर अडचणी वेगळ्या स्वरूपात समोर येतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अमादो पादिया यांनी १९९४ मध्ये यांपैकी एका अडचणीला ‘सांस्कृतिक करभार’ असे नाव दिले. विभागात एकच कृष्णवर्णीय अथवा मूलनिवासी प्राध्यापक असेल, तर प्रत्येक समितीवर ‘प्रतिनिधित्व’ म्हणून त्यालाच बसविले जाते. त्या समाजातील विद्यार्थी आपली गाऱ्हाणी घेऊन त्याच्याच दाराशी येतात. समतेची नवी योजना आखायची झाली तरी काम त्याच्याकडेच. यात खर्च होणारे तास पदोन्नतीच्या वेळी मोजले जात नाहीत. मोजले जातात ते शोधनिबंध, आणि ते लिहायला वेळ उरलेला नसतो. ज्या समतेसाठी नेमणूक झाली तिचाच भार कारकिर्दीला मारक ठरावा, असा हा पेच आहे. त्यावरचा उपाय खर्चिक नाही. समितीकाम सेवानोंदीत धरणे आणि त्या प्रमाणात तासिका कमी करणे, इतकेच पुरते. तरीही तो सर्वत्र अंगीकारला गेलेला नाही, हे नोंदविले पाहिजे.

दुसरी अडचण मूल्यमापनाची. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीतील गुण कायम नियुक्ती आणि पदोन्नतीसाठी वापरले जात. शिक्षकाचा वर्ण, लिंग, वय आणि विशेषतः उच्चार यांचा या गुणांवर परिणाम होतो, हे अनेक अभ्यासांत दिसून आले होते. टोरंटोतील तत्कालीन रायर्सन विद्यापीठ आणि तेथील प्राध्यापक संघटना यांच्यातील वाद लवाद विल्यम कॅप्लन यांच्यापुढे गेला. अध्यापनाची परिणामकारकता मोजण्यासाठी या सरासरी गुणांचा वापर पदोन्नती वा कायम नियुक्तीत करता येणार नाही, असा निर्णय त्यांनी २०१८ मध्ये दिला. देशातील इतर प्राध्यापक संघटनांनी या निर्णयाचा आधार घेतला. (निवासी शाळांच्या इतिहासाशी निगडित असलेले रायर्सन हे नाव बदलून २०२२ मध्ये या संस्थेचे टोरंटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठ असे नामकरण झाले.)

एकट्या पडणाऱ्या नवागतांसाठी काही विद्यापीठांनी समूह नियुक्तीचा मार्ग निवडला. एकाच वेळी विविध विभागांत अनेक कृष्णवर्णीय अथवा मूलनिवासी प्राध्यापक नेमायचे, म्हणजे कोणावरही एकुलता एक प्रतिनिधी होण्याची वेळ येत नाही. वॉटर्लू, यॉर्क आणि क्वीन्स यांसारख्या संस्थांनी अशा नियुक्त्या हाती घेतल्या.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची स्थिती याहून अवघड आहे. ग्रंथालय, वसतिगृह, वित्त विभाग, प्रयोगशाळा आणि स्वच्छता या कामांतील कर्मचाऱ्यांना कायम नियुक्त प्राध्यापकाचे शैक्षणिक स्वातंत्र्याचे कवच नसते. तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची तोच बहुधा कामाचा वरिष्ठ असतो. अध्यासनांसारखा निधी त्यांच्या पदांशी जोडलेला नाही, त्यामुळे लक्ष्य चुकल्यास संस्थेला काही गमवावे लागत नाही. त्यांच्यासाठी कामगार संघटनेचा करार, प्रांतिक मानवी हक्क न्यायाधिकरण आणि परिसरातील परस्पर साहाय्य गट हेच आधार उरतात. कंत्राटदारामार्फत नेमलेल्यांना यांतील पहिला आधार विद्यापीठाकडे मागताच येत नाही. संशोधकांचे लक्षही या वर्गाकडे तुलनेने कमी गेले आहे.

जातीचा मुद्दा

दक्षिण आशियाई समाजाला एकच रकाना दिल्याने त्यातील अंतर्गत विषमता अदृश्य राहते, ही बाब गेल्या काही वर्षांत पुढे आली. अमेरिकेत कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. तेथील भारतीय वंशाच्या काही प्राध्यापकांनी त्यास विरोध करून न्यायालयात धाव घेतली. कॅनडात ओटावाच्या कार्लटन विद्यापीठातील शिक्षक संघटनेने त्याच वर्षी असे पाऊल उचलले. ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने ऑक्टोबर २०२३ मध्ये धोरणात्मक निवेदन काढून जातिभेद हा विद्यमान मानवी हक्क संहितेखाली वंश, वंशपरंपरा, धर्म आदी आधारांवर दाद मागण्याजोगा असल्याचे स्पष्ट केले. विदेशात गौरवर्णीयांच्या तुलनेत वंशांकित ठरणारा प्राध्यापक आपल्या समाजाच्या वर्तुळात कोणत्या बाजूला उभा असतो, हा प्रश्न त्यामुळे अधिकृत दप्तरात शिरला आहे.

विरोध आणि पुढील वाटचाल

या धोरणांना विरोधही तीव्र आहे. क्युबेकमधील लावाल विद्यापीठाने २०२२ मध्ये एका अध्यासनासाठी केवळ चार वर्गांतील उमेदवारांचेच अर्ज मागविले, तेव्हा गुणवत्तेला डावलले जात असल्याचा आरोप होऊन प्रांतात राजकीय वादळ उठले. जाहिरातीतील ती अट विद्यापीठाने स्वतःहून घातलेली नव्हती. लक्ष्य चुकल्याचा तो नियमानुसार होणारा परिणाम होता, ही गोष्ट त्या वादात बरीच मागे पडली. अल्बर्टा विद्यापीठाने जानेवारी २०२५ मध्ये समता, वैविध्य आणि समावेशन हा शब्दसमूह सोडून ‘प्रवेशसुलभता, समुदाय आणि आपलेपणा’ अशी नवी परिभाषा स्वीकारली. अमेरिकेत त्याच महिन्यात संघीय सरकारने अशा धोरणांविरुद्ध आदेश काढले. कॅनडातील विद्यापीठांची वाटचाल ठरविताना शेजारच्या या घडामोडींचा उल्लेख वारंवार होत राहिला आहे.

कॅनडात प्राध्यापकपदासाठी अर्ज करू इच्छिणाऱ्या भारतीयांनी दोन बाबी ध्यानात ठेवणे इष्ट होय. सर्वसाधारण प्राध्यापकपदांच्या जाहिरातीत कॅनडाचे नागरिक आणि कायम रहिवासी यांना प्राधान्य दिले जाईल, असे वाक्य असते आणि समतेच्या लक्ष्यांमुळे ते रद्द होत नाही. संशोधन अध्यासनांसाठी मात्र राष्ट्रीयत्वाची अट नाही. स्वतःचा वर्ग नोंदविण्याचा अर्ज गोपनीय असतो, त्यात आपला वर्ग सांगणे ऐच्छिक आहे. परंतु वर्ग न सांगितल्यास संबंधित अध्यासन लक्ष्याच्या हिशेबात धरले जात नाही.